शिसवावरची रेघ

फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक सुतार राहत होता. त्याने बसवलेल्या सांध्यात केसाएवढी फट सापडायची नाही.

रेघ मारायची त्याची एक ठरलेली रीत होती. कोळशाच्या पाण्यात भिजवलेली दोरी सागाच्या फळीवर ताणायची, मधोमध चिमटीत धरून उचलायची आणि सोडायची. काळी, सरळ रेघ उमटायची. मग त्याचा करवत्या त्या रेघेवरून करवत चालवायचा. वीस वर्षं दोघांनी असंच काम केलं होतं. करवत्या कमी बोलायचा आणि सुताराला गुरुस्थानी मानायचा.

एका वर्षी वेशीचं दार कुजून पडलं आणि बिबट्या गावात शिरू लागला. आधी एक शेळी गेली, मग एक वासरू. सांजावलं की आया लेकरांना घरात घेऊन कड्या लावू लागल्या. नवं दार हवं होतं, पण आसपास जुना साग उरला नव्हता. तेवढ्यात वादळात ओढ्याकाठचा एक शिसव उन्मळून पडला. त्याच्या खोडातून मोजून आठ फळ्या निघाल्या. दाराला आठच लागत होत्या.

"एकही वाया जाऊ देऊ नका," पाटील म्हणाले.

शिसवाची फळी पिकल्या जांभळासारखी काळपट. सुताराने नेहमीसारखी दोरी मारली, पण रेघ त्याला दिसेना. त्याने डोळे चोळले, फळी उन्हात ओढली. तरी दिसेना. साठी उलटली होती. आपले डोळे गेले, असंच तो धरून चालला. आंधळ्या सुताराला कोण विचारणार? तो कोणाला काही बोलला नाही.

"घे, चालव," एवढंच त्याने करवत्याला सांगितलं.

करवत्या वाकला. त्याने सुताराकडे पाहिलं आणि करवत लावली. अर्ध्यावर जाऊन ती डावीकडे सरकली. फळी तिरकी कापली गेली.

"वीस वर्षं काय शिकलास?" सुतार कडाडला. "रेघ दिली होती ना? तिच्यावर चालता येत नाही?"

करवत्याने करवत पुसली, भिंतीला टेकवली आणि मान खाली घालून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. सुताराने एकट्यानेच दुसरी फळी घेऊन दोरी मारली. तेवढ्यात त्याची बायको भाकरी घेऊन आली. दिव्याच्या उजेडातही एका दमात सुईत दोरा ओवणारी ती बाई.

"अजून रेघ मारली नाहीत?" तिने विचारलं.

"मारलीय की. तुला दिसत नाही?"

"काळ्यावर काळं कसं दिसेल हो?"

सुताराने पुन्हा फळीकडे पाहिलं. डोळे शाबूत होते. त्याला हायसं वाटलं, पण लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि मान खाली गेली. "म्हणजे त्यालाही दिसली नसणार. मग तो बोलला का नाही?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

भाकरी तशीच ठेवून सुतार करवत्याच्या घरी गेला.

"खरं सांग, काल रेघ दिसत होती तुला?"

"नाही, दादा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या हातची रेघ. मला वाटलं, माझ्याच नजरेत खोट आहे."

"मलाही दिसत नव्हती," सुतार म्हणाला. "मी घाबरलो होतो आणि खापर तुझ्यावर फोडलं. चूक माझी होती. चल, तू बघ आणि मला सांग."

बिघडलेल्या फळीवर दोघांनी एकेक खूण करून पाहिली. खिळ्याचा ओरखडा लाकडाच्या रेषांत हरवला. गेरू ओला असताना छान दिसला, वाळल्यावर लाकडातच मुरून गेला. रांगोळीची पूड झळकली खरी, पण करवतीच्या पहिल्या हिसक्याला उडून गेली. शेवटी सुताराने दोरी दाट चुन्यात बुडवून मारली. रेघ वाळली, पांढरी झाली, बोटाने घासली तरी जाईना.

करवत्या पाच पावलं मागे सरकला. "इथूनही दिसतेय, दादा."

सात फळ्या रेघेबरहुकूम कापल्या गेल्या. आठवी म्हणून त्या तिरक्या कापलेल्या फळीचे तुकडे जोडून घ्यावे लागले. दार उभं राहिलं आणि बिबट्या बाहेरूनच परत फिरू लागला. त्या दिवसापासून करवत लावण्याआधी सुतार दरवेळी विचारायचा, "दिसते ना रे?" आणि करवत्याला दिसत नसेल, तेव्हा तो तसं मोकळेपणाने सांगायचा.

म्हणून, लहानथोरांनो, दुसऱ्याला रेघेवर चालायला सांगण्याआधी ती त्याला दिसते का, हे विचारावं.