अव्वांच्या खिडकीची मूठ

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, हे मी शपथेवर सांगतो. मी त्या पटांगणात उभा होतो आणि सगळे या डोळ्यांनी पाहिले. आता, ती घडली तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता, हेही शपथेवरच सांगतो. पण एवढ्याशा कारणासाठी चांगली गोष्ट अडवून धरण्यात अर्थ नाही.

एकदा एक गुळाचा व्यापारी होता. त्याचे नाव मन्मथशेठ. घर दुमजली, खाली अडतीचे दुकान आणि पुढे सौद्याचे ऐसपैस पटांगण. घराला खिडक्या इतक्या, की सकाळी उघडायला निघालेला गडी शेवटच्या खिडकीपाशी पोहोचेपर्यंत पहिली लावून घ्यायची वेळ झालेली असे. या खिडक्यांच्या लोखंडी मुठी गंजून गेल्या होत्या. काही फिरत नसत, काही फिरवल्या की निमूटपणे हातात येत. श्रावणात मठाचे महाराज पाद्यपूजेला घरी यायचे होते. त्याआधी सगळ्या मुठी बदलून घ्याव्यात असे शेठने ठरवले आणि गावातल्या वृद्ध मिस्त्रींना, तात्यांना, बोलावणे धाडले.

तात्यांनी ते काम आपल्या शिष्याला दिले. शिष्याचे नाव केरबा. तिशी उलटली तरी तो तात्यांची हत्यारांची पेटी उचलून त्यांच्या मागून चालत असे, आणि त्याची बायको त्याला चारचौघांत ‘मिस्त्रींचे हमाल’ म्हणत असे. तात्यांनी सांगितले की हे काम तुझे एकट्याचे. नीट उतरले तर पेटी तुझी आणि गावही तुझे. नाही उतरले तर आहेच आपली हमाली. त्या रात्री केरबाला झोप लागली नाही, आणि बायकोने त्याला लागू दिलीही नाही.

केरबा तालुक्याच्या बाजारात गेला. दुकानदाराने त्याच्यापुढे मुठींची रास ओतली. त्यातून केरबाने कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या गोल पितळी मुठी निवडल्या. हातात भरगच्च बसणाऱ्या, घासून लख्ख केलेल्या. फळीवर बसवलेली एक मूठ त्याने फिरवून पाहिली. आतली खिट्टी अशी सरकली की जणू वाटच पाहत होती. मग शेठच्या घरी येऊन त्याने जुन्या मुठी उतरवल्या, भोके बुजवली, नव्या बसवल्या. शेठने प्रत्येक मुठीत आपले तोंड पाहिले. त्यांत मिशा प्रत्यक्षाहून मोठ्या दिसत होत्या, त्यामुळे शेठ फारच संतुष्ट झाले. आता तात्यांनी एकदा नजर टाकली की काम मान्य, एवढेच उरले होते.

या घरात शेठच्या मातोश्री होत्या. सगळे त्यांना अव्वा म्हणत. माडीवरच्या त्यांच्या खोलीची खिडकी थेट सौद्याच्या पटांगणावर उघडे. एके काळी अव्वा त्या खिडकीत बसत आणि सगळा बाजार वरून चालवत. कोणत्या गाडीचा बैल तहानलेला आहे, कोणी कोरड्या ढेपांत ओली ढेप सरकवली आहे, हे त्यांना वरून दिसे. अव्वा नुसत्या खोकल्या तरी काट्याची पारडी आपोआप समोरासमोर येत, असे जुने हमाल सांगत, आणि जुने हमाल कधी खोटे बोलत नाहीत.

मग एका वर्षी ती खिडकी बंद झाली. अव्वांनी वारा सोसत नाही म्हणून सांगितले आणि त्या खाली येईनाशा झाल्या. घराने विचार केला आणि निष्कर्ष काढला की अव्वांना वैराग्य आले. त्यांच्या दारावरून सुना पावलांचा आवाज न करता जाऊ लागल्या. पाहुणे आले की शेठ आवाज खाली आणून सांगत, “अव्वा आता आपल्यात नसतात. अनुसंधान चालू असतं.” हळूहळू सौद्याला येणारे शेतकरीही पटांगणातून त्या बंद खिडकीला हात जोडू लागले. एक जटाधारी बैरागी तर खाली उभा राहून म्हणाला की ही पायरी आपल्यालाही अजून साधलेली नाही. अव्वांनी यातले काहीच खोडून काढले नाही.

ठरल्या दिवशी तात्या आले. त्यांनी एकाही मुठीला हात लावला नाही. केरबाला मागे घेऊन प्रत्येक खोलीत ते बसले, पाणी प्याले, पावसाचे आणि नातवंडांचे बोलले आणि उठले. सर्वांत जास्त वेळ ते अव्वांच्या खोलीत बसले. निघताना अव्वांनी खडीसाखरेची डबी मनगटाने त्यांच्याकडे सरकवली. तात्यांनी एक खडा तोंडात टाकला, नमस्कार केला आणि बाहेर येऊन डोक्याचा पटका सोडला.

पटक्याचे टोक फाडून त्यांनी केरबाला हातांच्या मुठी आवळायला सांगितल्या आणि दोन्ही मुठींवर फडके गुंडाळून गच्च गाठी मारल्या.

“आता घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून दाखव,” तात्या म्हणाले.

सारे घर गोळा झाले. केरबाने पहिल्या मुठीला दोन्ही बांधलेले हात भिडवले. पितळ घासून इतके गुळगुळीत केलेले, की हात नुसतेच घसरत राहिले. दुसऱ्या खिडकीशी त्याने कोपर लावून पाहिले, तिसरीला दात लावले. लहान मुले त्याच्या मागे मिरवणूक काढून निघाली. शेठ हसून विचारत होते की तात्या, चोर पकडलात की मिस्त्री? केरबाचे कान तापले. आपले काम, आपली पेटी, सगळे या फडक्यात बांधले गेले असे त्याला वाटले, आणि एकही खिडकी उघडली नाही.

“शेठ, काम अजून अर्धं आहे,” तात्या म्हणाले आणि केरबाला तसाच घेऊन चालू पडले.

नदीच्या वाटेला लागेपर्यंत केरबा पाय आपटत चालला. मग त्याने रागाने विचारले की माझी मूठ वाईट होती तर तसं सांगायचं होतं, गावासमोर माकड का केलंत.

तात्या थांबले. “मूठ वाईट नाही. तू ती दुकानात कोणाच्या हाताने फिरवून पाहिलीस?”

“माझ्या. अजून कोणाच्या?”

“तेच. आपण दुकानात आपलाच हात घेऊन जातो, आणि तुझा हात तर रंधा मारून दगड झालाय. केरबा, धडधाकट हाताला कोणतीही मूठ चालते. त्याच्यासाठी निवडायची गरजच नसते. निवड करायची ती घरातल्या सर्वांत दुबळ्या हातासाठी. त्या हाताने उघडली, तर मग सगळ्यांनाच उघडते. अव्वांनी डबी कशी सरकवली, पाहिलंस?”

केरबाने पाहिले होते, पण आता कुठे त्याला दिसले.

“त्यांची बोटं मिटत नाहीत,” तात्या हळू आवाजात म्हणाले. “सांधे धरलेत. खिडकी बंद झाली ती मूठ फिरवता येईना म्हणून. घराने त्याला वैराग्य म्हटलं, आणि लाचार म्हणवून घेण्यापेक्षा साध्वी म्हणवून घेणं त्या बाईला बरं वाटलं. हे घरात कुठे बोलायचं नाही. सांगायचं की नाही ते त्यांचं त्या पाहतील.”

केरबाने हात पुढे केले. “मग सोडा आता.”

“छे. असाच बाजारात जा आणि मूठ निवडून आण.”

केरबा तसाच गेला. एसटीत कंडक्टरने त्याच्याबरोबर शिपाई कुठे आहे म्हणून चौकशी केली. दुकानदाराने आधी त्याला ओळखले नाही आणि ओळखल्यावर दुकान बंद करायला घेतले. पण केरबा राशीपुढे मांडी घालून बसला आणि बांधलेल्या हातांनी एकेक नग चाचपू लागला. कमळे घसरली, मोर घसरले, नक्षीचे हत्ती तर हसतच घसरले. शेवटी कोपऱ्यातल्या धुळीच्या खोक्यात त्याला एक ओबडधोबड लांब दांडी सापडली. दवाखान्याच्या दारांना असते तशी, कोपराने दाबायची. त्याने मनगट टेकवले आणि दांडी खाली गेली. दुकानातल्या दुकानात केरबा असा ओरडला की समोरच्या हॉटेलातला चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी केरबाच्या गाठी सोडल्या. शेठने दांडी पाहिली मात्र, त्यांचा चेहरा उतरला. महाराजांच्या पूजेला घर सजवतोय आणि अव्वांच्या खोलीला दवाखान्याची कडी? लोक काय म्हणतील? केरबाला खरे कारण सांगता येईना. तो एवढेच म्हणाला, “शेठ, ही एक खिडकी माझ्या मनाने करू द्या. पटली नाही तर घरातल्या सगळ्या मुठी काढून नेतो आणि पुन्हा मिस्त्री म्हणून तुमच्या दारात येत नाही.”

शेठ म्हणाले, “बघ बाबा, तुझं तू.”

केरबा अव्वांच्या खोलीत गेला. पावसाने फुगलेली झडप त्याने उतरवली, कडा रंध्याने तासली, बिजागऱ्यांत तेल सोडले. कमळाची मूठ काढून दांडीसाठी खूण करू लागला, तेव्हा कॉटवर जपमाळ घेऊन बसलेल्या अव्वा प्रथमच बोलल्या.

“पोरा, जरा खाली घे.”

केरबाने खूण खाली आणली.

“अजून खाली. कोपर येऊ दे की तिथवर.”

त्याने वळून पाहिले नाही. खूण बरोबर कोपराच्या उंचीला आणली, दांडी बसवली, सगळे पेच आवळले आणि हत्यारे गोळा करून जिना उतरला.

खाली सौदा रंगात आला होता. त्या बाजारात भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबत आणि त्यातून भाव ठरे. मन्मथशेठ या विद्येत असे निष्णात, की डोळे मिटूनही नुसत्या बोटांवरून माणूस ओळखत. त्यांचा हात एका लातूरच्या खरेदीदाराच्या हातात होता आणि त्यावर रुमाल होता. केरबा ओसरीच्या खांबाला टेकून वर पाहत उभा होता. खिडकी बंद होती. तात्याही येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. केरबाला वाटले, अव्वा ती उघडणारच नाहीत. एवढी वर्षे साध्वी म्हणून राहिलेले माणूस एका दांडीसाठी ते सगळे सोडून देईल कशाला?

आणि वर खाडकन आवाज झाला. झडप पार भिंतीपर्यंत जाऊन आदळली, इतक्या वर्षांची धूळ उडाली, वळचणीची पाखरे पटांगणावरून गोल फिरली.

“मन्मथ,” अव्वांचा आवाज आला, “उजव्या थप्पीतली मधली ढेप ओली आहे. ती कोणाच्या गळ्यात घालतोयस?”

सगळा बाजार थांबला. काटा थांबला, बैलांचे रवंथ थांबले. नेहमीच्या सवयीने चार-सहा शेतकऱ्यांनी खिडकीला हात जोडले.

“नमस्कार कसले करताय? ढेप बाजूला काढा आधी. आणि त्या तांबड्या बैलाला पाणी दाखवा, केव्हाचा जीभ काढून उभा आहे.”

एका म्हाताऱ्या हमालाने ढेप उचलून फोडली. आतून ती खरोखरच ओली होती. मग जो गलका उठला, तो शेजारच्या तालुक्यात जत्रा समजून लोक निघाले इतका मोठा होता. हमाल पोती सोडून खिडकीखाली धावले आणि अव्वांनी त्यांना पोती सोडल्याबद्दल पहिली शिवी दिली. तीही लोकांनी प्रसादासारखी घेतली.

शेठ रुमाल हातात घेऊनच जिना चढले. केरबा त्यांच्या मागे गेला. अव्वा खिडकीत बसल्या होत्या, कोपर दांडीवर टेकलेले. शेठ जवळ बसले आणि त्यांनी आईचा हात आपल्या हातात घेतला. अख्ख्या बाजाराची बोटे ओळखणारा तो हात एकेका गाठीवर थांबत पुढे सरकला.

“कधीपासून, अव्वा?”

“खाली सौदा खोळंबलाय,” अव्वा म्हणाल्या. “जा. आणि डोळे पुसून जा, नाहीतर भाव पाडतील.”

शेठ डोळे पुसून खाली गेले, मागोमाग केरबाही उतरला, आणि सौदा पुन्हा सुरू झाला. तात्यांनी पेटी ओसरीवर केरबासमोर ठेवली आणि रिकाम्या हातांनी, झपाझपा पुढे चालू लागले. केरबाला पेटी घेऊन त्यांच्या बरोबरीने यायला पळावे लागले.

आता यातले खोटे सांगून टाकतो. अव्वा खऱ्या, खिडकी खरी, ओली ढेपही खरी. तात्या मात्र मी रचले. गोष्टीत पटका बांधलेला एखादा ज्ञानी वृद्ध नसला तर संपादक ती छापत नाहीत, म्हणून तो घातला. केरबाला गुरू असा कोणी नव्हता. झाले एवढेच होते, की कमळाची मूठ बसवून झाल्यावर त्याने सहज विचारले, “अव्वा, ही तुम्हाला उघडता येईल ना?”

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. अव्वांनी पदराखालून दोन्ही हात काढले आणि त्याच्यासमोर धरले.