चिंचमाळचा रिकामा हारा

१५ फेब्रुवारी, रविवार. पहाटे गारठा, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा पडलेला.

चिंचमाळच्या चर्चमध्ये शिरताच नजर वर जाते. मधल्या तुळईला वाखाच्या, म्हणजे घायपाताच्या धाग्यांच्या, दोराने एक हारा टांगलेला आहे. हारा म्हणजे तुरीच्या काड्यांचा मोठा, खोल टोपला; एरवी त्यात कणसे भरतात. हा मात्र वर्षभर रिकामाच लटकतो आणि कापणीच्या सणाला तेवढा खाली येतो. आज सण होता. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी हाऱ्याविषयी विचारले, तेव्हा घंटा वाजवणारे शांतवनबाबा आढाव पायरीवर टेकले आणि लिलावाला वेळ आहे तोवर सांगू लागले.

फार मागे एक मोठा दुष्काळ पडला होता. त्यात धोंडी नावाच्या पोरीचे आईबाप पटकीने गेले. पोर सहा-सात वर्षांची. गावातल्या ख्रिस्ती घरांनी तिला पाळीपाळीने जेवू घातले, आज या घरी, उद्या त्या घरी. तालुक्याच्या गावी मिशनचे बोर्डिंग होते. तिथे मुलींना लिहाय-वाचायला आणि पवित्र शास्त्र शिकवत. पण मुलीमागे दरसाल धान्य पाठवणारे कोणीतरी लागे. पाळकसाहेबांनी उपासनेत पुन्हा पुन्हा विचारले. कोणी उठले नाही. माणसे वाईट नव्हती, म्हणे. नुकतीच दुष्काळातून उठली होती आणि पुढच्या पावसाचा कोणालाच भरवसा नव्हता.

त्याच मंडळीत हौसाबाई होती, वाखाचे दोर वळणारी विधवा. तिचा नवरा दुष्काळात गेला, तेव्हा पाळक परगावी होते आणि गावात अक्षर ओळखणारे दुसरे कोणी नव्हते. शास्त्रातली एक ओळ न वाचता त्याला माती दिली गेली. ती त्यावर कधी बोलत नसे.

मग पाऊस झाला, ज्वारी आली आणि कापणीचा सण ठरला. सणाची रीत आजच्यासारखीच. ज्याने त्याने घरचे आणून देवापुढे ठेवायचे, कणसे, भोपळे, कोंबड्या, अंडी; आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. लिलावाला दोन नियम. हात लावून उचललेली वस्तू बोलीशिवाय खाली ठेवायची नाही, आणि बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डिंगची बैलगाडी निघणार होती आणि धोंडीची जागा अजून ठरली नव्हती.

लिलाव पुकारायला लाजरस कारभारी होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी पुकारण्याचा मान ते सोडत नसत. वस्तू चाचपून ओळखत. उपासना लांबली, तशी धोंडी एका रिकाम्या हाऱ्यात शिरून झोपली. माश्या बसू नयेत म्हणून कोणा बाईने वरून जुने लुगडे टाकले. कारभाऱ्यांनी हाऱ्याचा काठ धरला, जरा उचलून पाहिला आणि म्हणाले, "भरला हारा हाय. कणसं असतील. बोला."

पुढची माणसे हसू लागली.

"कारभारी, कणसाला पाय फुटल्यात तुमच्या," एकजण म्हणाला.

"घोरतंय बी ते," दुसरा म्हणाला.

गलक्याने पोर जागी झाली आणि उठून बसली. कारभाऱ्यांचा हात तिच्या डोक्यावर पडला. हात त्यांनी काढला नाही. म्हणाले, "हात लागला आता. बोलीबिगर खाली ठेवता यायचं नाही. बोला."

हसणे थांबले. मग निरोप्या तराळाच्या घरचा एकजण खाली बघत म्हणाला, "पहिलीपतूरचे दाणे माझे." आणखी कोणी दुसरी म्हटले, कोणी तिसरी. तिथे बोली अडली. कारभाऱ्यांनी एक वार म्हटले, दोन वार म्हटले.

"जिथवर शिकंल तिथवर," मागून हौसाबाई म्हणाली.

"हौसे, तुझ्या घरात उंदीर उपाशी मरत्यात," शेजारीण म्हणाली.

"म्हणून तर घरात जागा हाय."

"देणार कशातनं?"

"दोर वळीन. पर मी मेल्यावर माज्या मातीवर वाचायला गावात कोणीतरी पायजे. मालकाच्या येळंला नव्हतं."

कारभाऱ्यांनी तिसरा वार पुकारला. सकाळी धोंडी गाडीत बसली.

हौसाबाई दरसाल दोर विकून ज्वारी घेई आणि बोर्डिंगला पोचवी. एका वर्षी वाख मिळाला नाही, तेव्हा तिने स्वतःच्या खाटेचे दोर सोडून विकले आणि पुढे जमिनीवर निजू लागली, असे सांगतात. धोंडी सातवी झाली, मास्तरीण झाली आणि चिंचमाळलाच शिकवायला आली. हौसाबाईच्या मातीवर तिनेच शास्त्र वाचले. तेविसावे स्तोत्र वाचले असे काही म्हणतात. शांतवनबाबांच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे ती इतका वेळ वाचत राहिली, की खोरी घेतलेली माणसे उन्हात उभीच राहिली.

पुढच्या सणाला लोकांनी तशाच बोलीसाठी उत्साहाने एका पोरक्या मुलाला हाऱ्यात बसवले. धोंडीबाई उठल्या, मुलाला उचलून खाली ठेवले आणि म्हणाल्या, "मी बसलेय यात. सगळे आपल्याकडे बघत असतात. पोराला बसवू नका. हारा रिकामा ठेवा, बोली खरी करा." हौसाबाईच्या घरात उरलेल्या दोराने त्यांनीच तो तुळईला टांगला. दोर त्यानंतर अनेकदा बदलला, पण वाखाचाच.

आजही कापणीच्या लिलावात सर्वांत शेवटी रिकामा हारा उचलतात. पुकारणारा त्या वेळी डोळे मिटतो. बोली पैशांत होत नाही, इयत्तेत होते. ज्याची बोली लागते, तो एका पोरक्या मुलाचे बोर्डिंगमधले शिक्षण तिथवर चालवतो. मूल कोणते, हे पाळक आणि बोली घेणारा या दोघांनाच कळते.

आज बोली पाचवीपासून निघाली. दहावीला दोघे उरले, ट्रॅक्टर चालवणारे रूबेन कसबे आणि शिवणकाम करणाऱ्या सुलभा तोरणे. बारावी आणि पुढे नर्सिंग, या सुलभाबाईंच्या बोलीवर तिसरा वार झाला. हारा साडेबाराला परत वर चढवला. मुलाचे नाव पुकारले नाही.