झेडवरचं बोट

"हातांना विसरायला कसं शिकवायचं, चाचा? तेवढं सांगा."

सुजयने लॅपटॉप टेबलावर ठेवला, तोही जरा आपटूनच.

दस्तगीरचाचा मिरजेच्या आपल्या छोट्या स्टुडिओत चष्मा पुसत बसले होते. जुने फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायची विद्या सुजय त्यांच्याकडेच शिकला. पुढे तो इतका चपळ झाला, की गिऱ्हाइकं फोटो सोडून त्याची बोटंच बघत उभी राहत. "मी बघतसुद्धा नाही, हातच करतात," असं तो सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

आता जर्मनीतल्या एका स्टुडिओला तो कामावर हवा होता. लॅपटॉप त्यांनीच पाठवलेला, कीबोर्ड त्यांच्याकडचा. आज दुपारी तीनला ते पडद्यावरून त्याचं काम बघणार आणि मगच हो की नाही ते सांगणार. कीबोर्डची मांडणी बदलायची नाही, ही अट.

"बिघडलंय काय?" चाचांनी विचारलं.

"झेड आणि वायची अदलाबदल आहे यावर. ब्रश लहानमोठा करायचे कंस तर जागेवरच नाहीत. तिथं डोक्यावर टिंबं असलेलं कुठलं तरी अक्षर बसलंय. इतक्या वर्षांची सवय, चाचा..." नोकरी हातची जाणार याची त्याला खरोखरच भीती वाटत होती.

"कंसांचं काय केलंस?"

"ब्रश मेनूतून बदलतो. ते चालतंय."

"मग अडतंय कुठं, बाळ?"

"झेडला. केलेलं मागं घ्यायला कंट्रोल-झेड दाबायला जातो, तर वाय दाबलं जातं आणि भलतंच होतं."

"आणि?"

"आणि..." सुजय थांबला. "झेडलाच."

चाचांनी चष्मा लावला आणि स्टूल ओढून ते त्याच्या शेजारी बसले. सरावासाठी एका बाईंचा जुना फोटो उघडायला लावला. घडीची पांढरी रेघ डोळ्यावरून थेट गालावर उतरली होती.

मग चाचांनी आपलं बोट अलगद झेडवर टेकवलं.

"हे बटण माझ्याकडं. मागं घ्यायचं झालं की हाक मार. तू कंट्रोल दाब, झेड मी दाबतो."

"चाचा, चेष्टेची वेळ आहे का ही? तीन वाजता..."

"माहीत आहे. चल."

सुजयला राग आला. पण समोर चाचा होते. त्याने ब्रश उचलला आणि सवयीने सपकन फिरवला. गाल भिंतीसारखा सपाट झाला.

"मागं."

टक.

"चाचा, मागं."

टक.

"मागं... मागं घ्या, चाचा."

टक. टक.

चाचा रागावले नाहीत, हसलेही नाहीत.

सुजयला मात्र आता आपलाच आवाज ऐकू यायला लागला. बोटांनी गुपचूप मागं घेताना तो कधी ऐकू आला नव्हता. बाजारात आईचा पदर ओढणाऱ्या पोरासारखं त्याचं 'मागं, मागं' चाललं होतं. त्याची कानशिलं तापली. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली.

पुन्हा ब्रश टेकवायच्या आधी तो थांबला...

बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. रेघ पापणीला कापून गेली होती, पण रेघेच्या पलीकडे पापणीचे केस जरासे वर वळलेले होते. म्हणजे मधलेही तसेच वळले असणार. इतका वेळ हे त्याला दिसलंच नव्हतं. त्याने ब्रश बारीक केला आणि एकदाच, सावकाश ओढला.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी रिक्षा सुरू करायला धडपडत होतं.

हळूहळू रेघ गेली. बाई आता दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होत्या. किती दिवसांनी त्याला एखादा फोटो बघून बरं वाटलं!

मग घड्याळाकडे नजर गेली. तीन वाजत आले होते.

"जमलं, चाचा! पण ते बघत असताना तुम्हाला शेजारी बसता येणार नाही. तेव्हा झेडचं काय करू?"



सुजयने वळून बघितलं. चाचांची मान छातीवर आली होती. बोट केव्हाच झेडवरून घसरून टेबलावर पडलं होतं.

"चाचा... झोपलात होय?"

चाचांनी डोळे उघडले नाहीत.

"काय करणार? तू हाकच मारेनास."