पळसाचं वस्त्र

फार पूर्वी, एका रानाच्या कडेला विणकरांचं एक गाव होतं. तिथं कोंबडा आरवायच्या आधीच माग खटखटायला लागायचे, त्यामुळे कोंबड्यांना गावात फारसा मान नव्हता.

त्या गावात अनशी नावाची एक सून होती. सासूचे हात थरथरू लागले, तेव्हा सासूनं आपला धोटा तिच्या हातात दिला. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे पळत आडवा धागा नेणारं लाकूड. विणकराचा जीवच तो. सासू म्हणाली, "बघ बाई, घराची अब्रू आता तुझ्या हाती. चुकलीस तर मी बोलणार, आणि नाही चुकलीस तरी बोलणार." अनशी हसली. तिला विणायला इतकं आवडायचं, की जेवतानाही तिची बोटं ताटाच्या काठावर धागे ओढत असायची.

एके वर्षी राजवाड्यातून निरोप आला. राजकन्येचं लग्न ठरलं होतं. सासर दूर, वाळूच्या मुलखात, आणि पोर वाढलेली रानात. तिनं आईकडे एकच हट्ट धरला होता, "मला माझं रान बरोबर द्या." आता रान काही पालखीत बसत नाही. म्हणून राणीनं सांगितलं, की प्रत्येक विणकरानं रानातली एकेक गोष्ट घेऊन तिचं वस्त्र विणावं. सगळी वस्त्रं मिळून लेकीचं रान होईल.

गावाचा म्होरक्या आबा. त्यानं वाटणी केली. कुणाला मोर, कुणाला कमळ, कुणाला आंब्याचा मोहोर. अनशी नवखी, म्हणून उरलेला पळस तिच्या वाट्याला आला.

"आणि ध्यानात ठेवा," आबा म्हणाला, "ज्याचं वस्त्र दरबारातून माघारी येईल, त्यानं धोटा खाली ठेवायचा. परत मागावर बसायचं नाही. बापजाद्यांचा नेम आहे."

अनशीनं सासूचा धोटा पदराखाली घट्ट धरला.

गावाचा आणखी एक नेम होता. मागाला नमुना बांधायचा आणि रोज सकाळी, पहिला धोटा टाकण्याआधी, धागा त्या नमुन्याशी ताडून पाहायचा. नमुना सांगेल तो रंग. डोळे फसवतील, उजेड फसवेल, पण नमुना फसवायचा नाही, असं विणकर सांगत. नमुना म्हणजे अर्थातच जुन्या कापडाचा तुकडा. त्यामुळे राजकन्येसाठी रान विणायला बसलेल्या त्या गावात रानात गेलं कुणीच नाही. मोर आजीच्या शालूवरून घेतला, कमळ पणजीच्या शेल्यावरून.

अनशीला हे पटेना. "राजकन्येला रान हवंय, पणजीचा शेला नकोय," ती म्हणाली. ती सरळ रानात गेली, नखशिखान्त पेटलेल्या पळसाची एक डहाळी तोडून आणली आणि मागाला बांधली. गाव हसलं. अनशीनं लक्ष दिलं नाही. तिनं रंगवलेल्या सुताच्या लडी फुलाला लावून पाहिल्या, त्यातली नेमकी केशरी निवडली आणि विणायला बसली.

दुसऱ्या दिवशी फूल थोडं गडद झालं. अनशीनं नेमाप्रमाणे धागा ताडून पाहिला आणि थोडा गडद घेतला. मग फूल तांबडं पडलं, तिनं तांबडा घेतला. पुढं ते सुकून विटकरी झालं, मग तपकिरी. आजचा रंग कालच्या रंगाला इतका लागून असायचा, की तिला काही वेगळं वाटलंच नाही. विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळलं जाई, डोळ्यांसमोर राही ती जेमतेम वीतभर पट्टी.

सासू ओसरीवर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची. एकदा तिनं विचारलं, "अगं, आज तपकिरी?"

"नमुना तेच सांगतोय, सासूबाई."

"मग बरोबर," सासू म्हणाली. नमुन्यापुढे तिचंही काही चालत नसे.

वस्त्र विणून होत आलं, नुसता पदर राहिला, तेव्हा आबा पाहायला आला. त्यानं रूळ उलगडला. एका टोकाला धगधगीत केशरी, मग तांबडं, मग विटकरी, आणि शेवटी सुकलेल्या पाचोळ्यासारखं तपकिरी. अनशीनं मागाला बांधलेल्या डहाळीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. इमानानं काम करूनही माणूस असा फसतो, हे तिला माहीतच नव्हतं.

आबा मनानं वाईट नव्हता. तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, "रडू नकोस, पोरी. हे वाळकं तेवढं कापून टाक. माझ्याकडे जुन्या शेल्याचा केशरी तुकडा आहे. असा जोडून देतो, की देवालाही जोड दिसायची नाही."

अनशीनं कात्री घेतली. धोटा वाचत होता, घराची अब्रू वाचत होती. पण हात काही चालेना. "थांबा आबा," ती म्हणाली. "कापायचंच असेल तर ताजं फूल आणून तेवढं पुन्हा विणते. पणजीचा शेला नको."

ती धावत रानात गेली. पाहते तर पळसावर एकही फूल नाही! सगळी फुलं झडून खाली पडलेली, काळीतपकिरी, थेट तिच्या वस्त्राच्या रंगाची. अनशी झाडाला टेकून हमसून हमसून रडली. रडं ओसरल्यावर तिनं वर पाहिलं. फुलं टाकून उघड्या पडलेल्या फांद्यांच्या टोकांना कोवळी, तांबूस पालवी फुटली होती. तीन तीन पानं, हातात हात घालून उभी असावीत तशी.

ती घरी आली ती कात्री फडताळात ठेवूनच मागावर बसली.

"काय विणतेस?" आबानं घाबरून विचारलं.

"पुढचं," अनशी म्हणाली.

या वेळी तिनं झाडाचं काही तोडलं नाही. रोज सकाळी लडी घेऊन तीच पळसाखाली जाई आणि रंग ताडून येई. पालवी तांबूस होती तोवर पदर तांबूस विणला, पोपटी झाली तेव्हा पोपटी, आणि अगदी शेवटी, हिरव्या रंगात, तीन पानं.

दरबारात वस्त्रांची रास लागली. मोर सुरेख होता, कमळ देखणं होतं. राणीनं प्रत्येकाचं कौतुक केलं. अनशीचं वस्त्र आबानं सगळ्यांत खाली सरकवून ठेवलं होतं. पण रास संपली आणि तेही उलगडलं गेलं.

राणीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "लग्नाच्या वस्त्रात वाळकं फूल? हा अपशकुन कुणी विणला?"

अनशी पुढं आली. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणा, पण तिनं खरं ते सांगितलं. "मी विणला, आईसाहेब. आधी चुकून. फूल सुकत गेलं तशी मी विणत गेले. मग झाडाखाली गेले तर तिथं पालवी आली होती. म्हणून कापलं नाही, पुढं विणलं."

आबानं डोळे मिटून घेतले.

राजकन्या उठली. तिनं ते वस्त्र हातावर घेतलं आणि केशरी टोकापासून बोट फिरवत निघाली. तपकिरी भागावर तिचं बोट थांबलं. "आई," ती म्हणाली, "तिकडं गेल्यावर मला अशा रंगाचे दिवस येतील. सगळं सोडून जातेय, येणारच. मोर-कमळं तेव्हाही हसतच राहतील. हे वस्त्र मात्र माझ्याबरोबर वाळेल." मग तिचं बोट पदरावरच्या तीन पानांपर्यंत गेलं आणि ती हसली. "आणि पुढं काय येतं तेही दाखवेल. म्हणजे तिकडंही पळसाला पानं तीनच, आई."

राणीनं लेकीला जवळ घेतलं. तिनं ते वस्त्र स्वतःच्या हातानं घडी घालून राशीच्या सगळ्यांत वर ठेवलं.

अनशी घरी आली, तर सासू धोटा पदरानं पुसत बसली होती. "मला आधीच वाटलं होतं तपकिरी जरा जास्तच होतंय," सासू म्हणाली. "पण बोलले नाही." आणि आयुष्यात पहिल्यांदाच न बोलल्याचं श्रेय घेऊन तिनं धोटा सुनेच्या हाती दिला.

पुढच्या फाल्गुनात गावातले विणकर पळसाखाली लडी घेऊन उभे होते. सगळ्यांत पुढं होता आबा.

तात्पर्य: वाळलेलं दिसलं म्हणून धागा तोडू नये आणि खोटा तुकडा जोडू नये. खरं ते विणत राहावं, पालवी पुढंच असते.