बारा जोड बूट आणि गेनबाचा पहारा

धामणटेकच्या हायस्कुलात गेनबा नावाचा एक शिपाई होता. माणूस भोळा. घंटा वेळेवर द्यायचा, वर्गांतले फळे स्वच्छ पुसायचा आणि सांगितलं तेवढंच करायचा. तेवढंच म्हणजे अगदी तेवढंच.

त्या वर्षी शाळेच्या बारा मुली खो-खोत जिल्ह्यापर्यंत पोचल्या. पण जिल्ह्याचा सामना मॅटवर होता, आणि बुटांशिवाय तिथे कोणी उभं करणार नव्हतं. आमच्या मुली अनवाणीच खेळत आलेल्या. बूट घ्यायला शाळेकडे एकच उपाय होता, आनंद मेळावा. पालकांनी खायला करून आणायचं, गावाने विकत घ्यायचं, पैसे शाळेला. दरवर्षी सुगंधाकाकूंच्या भज्यांच्या वासानेच अर्धं गाव जमायचं.

नेमकं त्याच वर्षी वरून परिपत्रक आलं. शाळेच्या आवारात तळलेलं नको, फार गोड नको, पाकीटबंद नको. मुलांनी पौष्टिक खावं, याला कोण नाही म्हणेल? पण मोड आलेल्या मटकीच्या वासाने गाव कसं जमवायचं, ते परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

मुख्याध्यापिका हिवरेकर बाईंनी चार शनिवार मेळावा भरवायचं ठरवलं आणि गेनबाला फाटकावर उभं केलं.

"गेनबा, तळलेलं काही आत सोडायचं नाही."

"न्हाई सोडत, बाई."

सुगंधाकाकू आल्या. डोक्यावर कढई, काखेत तेलाचा डबा, हातात भिजवलेलं बेसन.

"काकू, यात तळलेलं काय हाय?"

"अजून तरी काईच न्हाई."

"मग जावा आत."

दहा मिनिटांत आवारात घमघमाट सुटला. बाई धावत आल्या, कढई उतरवली आणि मेळावा तिथेच गुंडाळला.

"अहो गेनबा, वस्तू येताना कशी आहे ते नाही बघायचं. आत गेल्यावर तिचं काय होणार, ते विचारायचं."

"आता तसंच इचारतो."

दुसऱ्या शनिवारी इस्माईलभाई बागवान केळ्यांची पाटी घेऊन आले.

"आत गेल्यावर यांचं काय व्हणार?"

"खपली तर खपली. न्हाईतर दुपारपर्यंत काळी पडणार."

"काळी पडणार? मग नगं."

दही आंबट होणार म्हणून परत गेलं. कोशिंबिरीला पाणी सुटणार म्हणून तीही गेली. दप्तर घेऊन एक पोरगं आलं, त्यालाही गेनबाने विचारलं, तुझं काय होणार? ते खरं बोललं, "नापास." त्याला घरी पाठवलं. सगळ्या परतलेल्यांत तेवढं एकच आनंदाने गेलं.

"भविष्य बघायला बसवलंय का तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "त्यात काय काय घातलंय हे ज्यावर लिहिलेलं असेल, तेवढंच आत सोडा."

तिसऱ्या शनिवारी उकडलेली कणसं फाटकावरून परतली. पेरू परतले. कशावरच काही लिहिलेलं नव्हतं. मात्र वेफर्सची शंभर पाकिटं सन्मानाने आत गेली.

"एवढं बारीक अक्षरात लिवून दुसऱ्या कुणीच आणलं न्हवतं, बाई," गेनबा म्हणाला.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. सामना पंधरा दिवसांवर आलेला. बारा मुली खिडकीतून बघत होत्या. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं.

"गेनबा, फाटक मी बघते," बाई शेवटी म्हणाल्या. "तुम्ही पोषण आहाराच्या खिचडीचं रोज करता ना, तेवढंच करा. मुलांच्या हातात जाण्याआधी प्रत्येक डब्यातला एकेक नमुना काढायचा आणि कपाटात कुलूप लावून ठेवायचा. चोवीस तास. कुणाचं पोट दुखलं तर तपासायला असावा."

हे काम गेनबाच्या हातचं. चौथ्या शनिवारी सुगंधाकाकूंनी तव्यावर धपाटे लावले, सोबत लसणाची चटणी. त्या वासाला गाव पुन्हा जमलं. कणसं संपली, केळी काळी पडायच्या आत खपली. गेनबाने प्रत्येक डब्यातला एकेक नमुना काढला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली. बुटांचे पैसे जमले.

बाईंना भरून आलं. "शाब्बास, गेनबा. आता शाळेत मुलांसाठी काहीही येऊ दे, असंच चोख करायचं."

पुढच्या शनिवारी सामना. बाई मुलींना घेऊन सकाळच्या एसटीने पुढे गेल्या. बूट त्याच सकाळी शहरातून शाळेत यायचे होते, ते घेऊन गेनबाने दुपारच्या गाडीने निघायचं होतं. गाडी वेळेवर पोचली. गेनबा डोक्यावर गाठोडं घेऊन धावतच मैदानात आला. पंचांनी शिट्टी तोंडात धरलेली. बारा मुलींनी बारा खोकी उघडली.

प्रत्येकीच्या खोक्यात एकच बूट. डावा.

"गेनबा," बाईंनी एक खोकं उलटं करून झटकलं, "उजवे कुठे आहेत?"

गेनबाने कमरेची किल्ली अभिमानाने दाखवली.

"कपाटात हायेत, बाई. उद्या चोवीस तास झाले की काढतो. तवर कुणाचा पाय दुखला तर सांगा."