तीनदा हापसून

एकदा एका शिष्येला तिच्या वृद्ध गुरुजींनी ‘बैस’ म्हटले नाही, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुपारचे चार वाजून गेले होते. गुरुजींकडे इंग्रजी शिकलेल्या या मुलीला तालुक्याच्या एका शाळेने शिक्षिकेची जागा देऊ केली होती. होकार पाचच्या आत फोनवरून कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्या उमेदवाराला जाणार.

“केलास फोन?”

“ट्राय केलं, गुरुजी. कोणी उचलतच नाही.”

“किती वेळ वाजला?”

“दोनदा लावला... दोन-तीन घंट्या वाजला असेल.”

गुरुजी उठले. रिकामा तांब्या घेऊन अंगणातल्या हापशापाशी गेले, दांडा तीनदा खालीवर केला आणि कोरडा तांब्या तिच्यापुढे धरला. “घे, पाणी पी. ट्राय केलं मी.”

भीतभीतच, पण तिला हसू फुटले. “अहो गुरुजी, दहा-बारा वेळा हापसल्याशिवाय तुमच्या हापशाला कधी पाणी आलंय का?”

“मग मी केलं ते काय?”

“नुसता हात लावलात!” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

गुरुजी मंद हसले. “इंग्रजांच्या त्या क्रियापदाला घाम अभिप्रेत आहे, पोरी. आपण त्याला नकाराचं सभ्य वस्त्र नेसवलं. ‘जेवायला यायचा ट्राय करतो’ म्हणणाऱ्या पाहुण्यासाठी कोणी तांदूळ वाढवून घेत नाही. आणि तुझं तर त्याहून अवघड. पाणी लागणार नाही, ही तुझी भीतीच नव्हे. ते लागेल, याचीच तू धास्ती घेतली आहेस.”

खरेच होते. कोणी उचललेच तर बोलायचे काय, या विचाराने तिने दोन्ही वेळा स्वतःच फोन तोडला होता.

तिने एका हाताने हापशाचा दांडा घट्ट धरला, दुसऱ्याने नंबर लावला. तिसऱ्या घंटीला अंगठा सवयीने लाल खुणेकडे सरकला. तिने तो मागे घेतला. घंटी वाजून वाजून बंद पडली. तिने गुरुजींकडे पाहिले नाही. पुन्हा नंबर लावला. चार. पाच. सहा. आता फोन कानावरून हलणार नव्हता.

नवव्या घंटीला पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हां, शाळेचं कार्यालय. बोला.”