रांजणात ठेवलेली गाणी

एका राज्यात म्हाताऱ्यांनी गायचं नाही, असा रिवाज होता.

डोक्यात पहिला पांढरा केस दिसला की माणूस न्हाऊन, नवं वस्त्र नेसून राजवाड्याच्या तळघरात जाई. तिथं तांब्याच्या रांजणांच्या रांगा होत्या. प्रत्येकानं आपल्या रांजणात तोंड घालून आपलं सगळ्यात लाडकं गाणं एकदा गायचं. मग रांजणांचा राखणदार कुंभकेतू त्या रांजणाचं तोंड मेणानं बंद करी. त्यानंतर त्या माणसानं मरेपर्यंत सूर काढायचा नाही. पाळणासुद्धा म्हणायचा नाही.

लोक धान्य पेवात ठेवतात, तसं या राज्यातले लोक गाणं रांजणात ठेवीत. वापरलेलं संपतं, ठेवलेलं टिकतं, असं त्यांना मनापासून वाटे. शिवाय वर कुंभकेतूचा शाप होता. रांजण भरल्यावर जो गाईल तो वाचेल, पण त्याच्या घरातल्या सगळ्यात धाकट्या जिवाचा श्वास तुटेल. म्हणून आज्या नातवंडांना थोपटीत, पण गुणगुणत नसत. त्यांचं गप्प राहणं हे त्यांचं प्रेमच होतं.

कुंभकेतू मोठा मांत्रिक होता. त्याचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता.

या राज्याचा राजा भद्रसेन. त्याची एकुलती एक मुलगी ऐरावती पर्वतांपलीकडच्या विद्यापीठात शिकायला गेली होती. ती परतली तेव्हा पुष्कळ विद्या घेऊन आली आणि त्याहून पुष्कळ प्रश्न. महाद्वारात राजा स्वतः उभा होता. ऐरावती धावत जाऊन पाया पडली. राजानं हात जोडले आणि अदबीनं विचारलं, "यावं. कुणाकडे आलात आपण?"

ऐरावतीच्या हातातली गाठोडी खाली पडली.

प्रधान सुमंतकाका तिला बाजूला घेऊन म्हणाले, "महाराजांना विसर पडतो, राजकन्ये."

"कधीपासून?"

"रांजण भरला, त्यानंतर."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांनाच पडतो. वयच ते."

"मी होते तिथंही माणसं म्हातारी होत होती, काका. पण तिथल्या म्हाताऱ्या दळताना गात, आणि गावातल्या प्रत्येक पोराचं नाव त्यांना पाठ असे. असं का?"

ऐरावती उत्तर शोधायला तळघरात उतरली.

तळघराच्या झरोक्यात एक धनेश पक्षी बसला होता. भली मोठी पिवळी चोच, आणि चोचीवर दुसरी चोच ठेवल्यासारखं शिंगट.

"रांजणाखाली बघ," तो म्हणाला.

ऐरावतीनं वाकून पाहिलं. प्रत्येक रांजण बुडाशी पाझरत होता. मधासारखे थेंब पन्हळीतून वाहत जाऊन एका वाडग्यात पडत होते.

"हे काय आहे?"

"आठवणी. गाणं गप्प झालं की माणसाच्या आठवणी सैल होतात. सैल झालेलं गळतं. गळलेलं कुंभकेतू रोज सकाळी पितो, म्हणून तो म्हातारा होत नाही."

"मग तू हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! राजाला सांगितलं, न्यायाधीशाला सांगितलं. ऐकलं आणि विसरले."

एवढ्यात कुंभकेतू जिना उतरून आला. ऐरावती त्याच्यासमोर ताठ उभी राहिली.

"रांजण उघड."

"त्याला राजकन्येचा हुकूम लागतो."

"मीच राजकन्या."

"राजा तसं म्हणतो का?" कुंभकेतू गोड हसला. "राजा जिला ओळखत नाही ती राजकन्या नव्हे, बाळ. आणि वारस नसेल तर गादी रांजणांच्या राखणदाराकडे जाते. इथला कायदा आहे. येत्या पौर्णिमेला दरबार भरेल, तोवर तीन कामं कर. थिजलेले पाय चालव. मिटलेली जीभ बोलती कर. आणि भर दरबारात राजाच्या तोंडून तुझं नाव येऊ दे. तिन्ही झाली तर किल्ली तुझी. एक जरी राहिलं, तर राज्य माझं आणि तुझंही गाणं रांजणात."

"कबूल," ऐरावती म्हणाली. धनेशानं डोळे मिटून घेतले.

थिजलेले पाय होते दुर्दमचे. हा एके काळी राज्याचा सेनापती. आता तो आपल्याच उंबऱ्यात उभा असे. मनात आलं तरी पाऊल उचलत नसे, जणू कुणी ते जमिनीला शिवून टाकलं होतं. सुना त्याला उचलून आत नेत आणि उचलून बाहेर आणीत. ऐरावतीनं लेप लावले, तेल चोळलं, विद्यापीठात शिकलेला मंत्र म्हटला. काही झालं नाही.

"सेनापती, तुम्ही सैन्यात कसे चालत होता?"

"कसे म्हणजे? नगारा वाजायचा, आणि आम्ही चालायचो."

"नगाऱ्याशिवाय?"

दुर्दम विचारात पडला. "नगाऱ्याशिवाय कधी चाललोच नाही."

ऐरावतीनं शस्त्रागारातून जुना नगारा आणवला. धूळ झटकली आणि टिपरू मारलं. धडाम, धडाम. दुर्दमचा उजवा पाय हलला. डावा त्याच्यामागून आला. तो उंबरा ओलांडून अंगणात गेला, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यानं थेट नदीवर. सुना पदर खोचून मागे धावत होत्या आणि ओरडत होत्या, "मामंजी, थांबा, अहो पागोटं तरी घाला!"

"थांबवायचं कसं, ते नाही विचारलंस," झाडावरून धनेश म्हणाला.

पहिलं काम झालं. पाऊल जागच्या जागी होतं, त्याला बोलावणारा ताल तेवढा हरवला होता, हे ऐरावतीनं मनाशी बांधून ठेवलं.

मिटलेली जीभ होती रेवा सुईणीची. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. एका सकाळी तिची उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द गेले. पाणी हवं असलं तरी "हं" आणि नको असलं तरी "हं". ऐरावती तिच्या जात्याशी जाऊन बसली.

"आजी, तुम्हाला सगळं कळतं ना?"

"हं," रेवा म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

"शब्द येत नाहीत. सूर येतील का? पण शाप आहे. तुमच्या घरात धाकटं कोण?"

रेवानं डाव्या हातानं घरभर बोट फिरवलं. चूल, जातं, रिकामा पाळणा. घरात कुणी नव्हतं. आणि मग ती तोंडातल्या तोंडात चक्क हसली. जिच्या घरात दुसरा श्वासच नाही, तिचं शाप काय वाकडं करणार?

ऐरावतीनं जात्याचा खुंटा धरला आणि ओवी सुरू केली.

"जात्याच्या तोंडाशी, घातली मूठ बाई,
पडे पांढरं पीठ, फुलली जशी जाई."

त्या राज्यात शेवटच्या ओवीत दळणारीनं स्वतःचं नाव गुंफायचं, अशी बायकांची रीत होती. ऐरावती तिथवर आली आणि मुद्दाम थांबली. जातं फिरत राहिलं. रेवाचा हात खुंट्यावर आला. तिचे ओठ थरथरले, आणि बोलताना जे कधीच फुटलं नसतं ते सुरावर बसून बाहेर आलं.

"रेवा म्हणे सई, दळण सरेना,
भरलं गं सूप तरी, हात थांबेना."

ऐरावतीनं तिला मिठी मारली. रेवानं तिला ढकललं आणि सुरातच सुनावलं, "पीठ सांडतंय, डोळे फुटले का गं!"

दुसरं काम झालं. पण शाप खरा की खोटा, ते काही कळलं नाही.

पौर्णिमेला दरबार भरला. राजा सिंहासनावर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर अनोळखी गावातल्या पाहुण्याचा संकोच होता. ऐरावतीनं ठरवलं होतं की बाबांनी गायला हवं. सुमंतकाका कळवळून म्हणाले, "राजकन्ये, नको! महाराज गायले, तर या घरातला धाकटा जीव तूच आहेस."

"ठाऊक आहे, काका."

"तुला भीती वाटत नाही?"

"वाटते. हात बघा, किती गार पडलेत. पण आपण सगळे कशाला भितोय ते खरं आहे का, हे आजवर कुणी पाहिलंच नाही. मला पाहायचंय."

दरबार उठताना राजा पूर्वी एक गाणं गाई. ऐरावतीनं ते सुरू केलं.

"चांदण्याच्या वाटेवरुनी, हंस उतरले तळ्यात..."

राजानं मान डोलावली. "छान गाता. गाव कुठलं आपलं?"

कुंभकेतूनं हसून कंबरेची किल्ली चाचपली. ऐरावतीनं पुन्हा गायलं. राजाचं बोट सिंहासनाच्या हातावर ताल धरू लागलं, पण डोळ्यांत ओळख नव्हती. तरी तिनं तिसऱ्यांदा सुरुवात केली. 'हंस' म्हणताना आवाज कापला आणि वर चढला.

राजाच्या कपाळावर आठी पडली. "अंहं."

कुंभकेतूचा हात किल्लीवर थांबला.

"चुकलं," राजा म्हणाला. "हंस उतरतायत ना? मग सूर खाली बसायला हवा. तू त्यांना वर कुठं उडवतेस?" आणि डोळे मिटून, खरखरीत झालेल्या गळ्यानं, त्यानं ती ओळ गायली. सूर हळूहळू खाली आला आणि पाण्यावर टेकावा तसा टेकला.

सगळ्यांच्या माना ऐरावतीकडे वळल्या. तिची छाती हलत नव्हती. प्रधानानं तोंडावर हात धरला.

"श्वास घे, ऐरावती," राजा वैतागून म्हणाला. "श्वास न घेता गातेस, म्हणून घसरतेस. कितीदा सांगायचं तुला?"

ऐरावतीनं श्वास घेतला. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. तुटला नाही. भीतीनं तिनंच तो रोखून धरला होता. आणि ती रडू लागली, भर दरबारात, लहान मुलीसारखी.

"आता रडतेस काय? कधी आलीस तू? जेवलीस का?" राजा सिंहासनावरून उतरला.

शाप भीतीवरच जगत होता. भीती सरली तशी तळघरातल्या रांजणांवरचं मेण तडकलं आणि पन्हळी कोरड्या पडल्या. कुंभकेतूचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, किल्ली हातातून गळली. लोक म्हणाले, याला हद्दपार करा. राजा म्हणाला, "त्याआधी याला एक गाणं येतं का ते विचारा."

"मी कधी गायलोच नाही," कुंभकेतू पुटपुटला. रेवानं त्याला घरी नेऊन जात्यासमोर बसवलं आणि खुंटा हातात दिला.

जे पिऊन संपलं होतं ते सगळं परत आलं नाही. राजा अधूनमधून एखादं नाव विसरे, पण गाणं म्हणता म्हणता त्याला ते सापडे. राज्याचा रिवाजही बदलला. पहिला पांढरा केस दिसला की माणूस न्हाऊन, नवं वस्त्र नेसून एक नवीन गाणं शिकायला बसू लागला. रिकाम्या रांजणांत लोकांनी पाणी भरलं.

भद्रसेनाला लेक सापडली, लेकीला बाप सापडला. ज्यांच्या घरी कुणी गप्प झालं असेल त्यांनी आज त्याच्याशेजारी बसावं आणि एक ओळ म्हणावी. ती चुकली तरी चालेल.